वंशावळीतली रिकामी जागा

दिवाळीच्या सुटीत चार नातेवाईक एकत्र जमले आणि फराळाच्या बश्या रिकाम्या झाल्या की बोलणे हटकून मागच्या माणसांवर येते. मूळ गाव कोणते, आडनाव असे का पडले, पणजीचे माहेर कुठले? तोवर पेंगत असलेली माणसेही सावरून बसतात. मग एखादा काका कागद-पेन्सिल मागवतो आणि रेघा ओढू लागतो. त्या रेघा किती वर पोहोचतात यापेक्षा त्या ओढाव्याशा का वाटतात, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. आणि ओढायच्याच, तर त्या खऱ्या कशा ओढाव्यात, हा दुसरा.

या प्रश्नांशी आले की माझे दोन व्यवसाय एकमेकांशी भांडू लागतात. मी कादंबऱ्या लिहिते आणि शाळेत शिकवते. कादंबरीत तीन पिढ्या उभ्या करायला मला एक पावसाळा पुरतो. पात्राला आजा हवा असेल तर मी आजा देते, आणि तो शूर हवा असेल तर शूर देते. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र साधा काना मनाने घालता येत नाही. वंशावळ लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हे दोघे शेजारी शेजारी बसलेले असतात. एक म्हणतो, जागा भरून टाक. दुसरा म्हणतो, पुरावा दाखव.

ही ओढ हास्यास्पद आहे असे मी म्हणणार नाही. आपण वाटेत कुठून तरी टपकलो नाही, आपल्यामागे कोणी तरी होते, हे कळले की माणसाला पाठीला भिंत लागल्यासारखे वाटते. आणखीही एक गोष्ट आहे. आपण मागच्यांना आठवले तर पुढचे आपल्याला आठवतील, अशी न बोललेली आशा त्यात असते. यात वाईट काही नाही. वाईट तेव्हा होते, जेव्हा या ओढीचा अभिमान बनतो आणि अभिमानाला साजेशी माणसे कागदावर निवडली जातात.

आपल्याकडे वंशावळी जपल्या गेल्या त्या मायेपोटी थोड्या आणि वतनापोटी पुष्कळ. पाटीलकी कोणाची, देशमुखी कोणाच्या शाखेची, असा तंटा पडला की पक्षकार आपला करीना लिहून देत आणि पिढ्या सांगत. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या खंडांत असे करीने आणि महजर पुष्कळ आहेत. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बळकट झाले आणि इनामदारांना हक्क शाबीत करण्यासाठी पुन्हा पिढ्या मोजाव्या लागल्या. दफ्तराचा प्रश्न एकच असे : मालकी कोणाकडे गेली? जन्मले किती, हा प्रश्न दफ्तराने विचारलाच नाही. म्हणून ज्याला वारसा मिळाला तो वंशावळीत राहिला. मुली लग्न होऊन गेल्या, त्या कागदावरूनही गेल्या. मूलबाळ नसलेल्याच्या नावापुढे ‘निर्वंश’ एवढाच शेरा पडला आणि त्याचे सारे आयुष्य त्या एका शब्दात आटोपले.

विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तान्त छापले. त्यामागचे कष्ट थोर आहेत. पण पुष्कळ जुन्या वंशवृक्षांत मुलीला फांदी नाही, ही वतनाची सवय वतन गेल्यावरही राहिली. २००५ च्या कायद्याने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तेव्हापासून वारसांच्या यादीत तिचे नाव आवर्जून येते. आणि किती घरांत त्याच महिन्यात तिच्यापुढे हक्कसोडपत्र सरकवले जाते! नाव लिहायचे, ते सोडून देण्यासाठी.

माझा जन्म खारदांड्याच्या कोळीवाड्यातला. समुद्राचे वतन माझ्या वाडवडिलांना कोणी लिहून दिले नाही, म्हणून त्यांचा करीनाही कुठल्या दफ्तरात नाही. लहानपणी याची मला थोडी खंत वाटे. पुढे मी एक साधे गणित केले आणि ती खंत गेली. आपल्याला आईबाप दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या मागे आठ. असे दुप्पट करत गेलो तर दहाव्या पिढीत १०२४ माणसे होतात. एका पिढीला पंचवीस वर्षे धरली तर ही माणसे पेशवाईतली. नात्यात लग्ने झाली असतील तर काही नावे दोनदा येतील, एवढाच फरक. या १०२४ जणांतला एकच आपल्याला आडनाव देतो. त्या एकाला ‘आमचे कूळ’ म्हणायचे आणि १०२३ जणांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे, याला वंशाचा अभिमान तरी कसे म्हणावे?

आमच्याकडची माणसे एकवीरेला कार्ल्याला जातात. देवीच्या देवळाला लागूनच ते दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत सुगंधी द्रव्ये विकणारा आहे, दरवाजा घडवणारा सुतार आहे. नाव, गाव, धंदा आणि काय दिले, एवढेच कोरले आहे. तिथल्याच लेखांत सातवाहन राजा पुळुमावी याचेही नाव येते, ते ‘वासिष्ठीपुत्र’ असे. त्याच्या आधीचा प्रतापी राजा ‘गौतमीपुत्र’ सातकर्णी. त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख नाशिकच्या लेण्यात आहे आणि त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. महाराष्ट्रातले हे राजे आईच्या नावाने ओळखले गेले, आणि १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहावे, हे ठरवायला आपल्याला एवढा काळ लागला.

आता लिहावे कसे? पहिली गोष्ट, वरून खाली येऊ नये, खालून वर जावे. थोर पूर्वज आधी धरायचा आणि त्याच्यापर्यंत पूल बांधायचा, ही कादंबरीकाराची रीत झाली. आपल्यापासून आरंभ करून एकेक पायरी चढावी. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला आधी विचारावे. कागदाला माहीत नसलेली माहेरे तिला माहीत असतात. तिने जे सांगितले त्यापुढे कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, हे लिहावे. मग कागद पाहावेत : जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचे रजिस्टर, सातबारा आणि फेरफार, लग्नपत्रिका. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यात्रेकरूंची नावे सापडतात. नावापुढे माहेर, गाव आणि धंदा लिहावा. दत्तक असेल तर दत्तक म्हणून लिहावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

मात्र कागद म्हणजे सत्य, असेही समजू नये. आमच्या धंद्यातले एक उघड गुपित सांगते. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसे विलक्षण संख्येने आढळतील. देवाने त्या दिवशी जास्त मुले घडवली असे नव्हे. शाळा जूनमध्ये उघडे, घरी जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे, आणि मास्तर प्रवेशाला बसेल अशी तारीख लिहून टाकत. म्हणून एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा, आणि दोन्ही जुळले नाहीत तर दोन्ही लिहून ठेवावेत.

हा केवळ हौसेचा मामला नाही. इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांची नोंद शोधत माणसे शाळेत येतात, पिवळ्या पानांवर बोट फिरवतात आणि नाव सापडले की त्यांचा आवाज बदलतो. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. एका नोंदीवर नातवाचे कॉलेज अवलंबून असेल तर रिकामी जागा भरून टाकण्याचा मोह किती मोठा असेल, हे मी समजू शकते. पण खोटी नोंद एकट्याची राहत नाही. ती खऱ्या नोंदीवरही संशय आणते, आणि ज्याची नोंद खरी आहे त्या शेजाऱ्याला दारोदार फिरवते.

एके वर्षी चौथीच्या मुलांनी आपापला वंशवृक्ष काढून आणला. एका मुलीच्या कागदावर वडिलांची जागा मोकळी होती. तिची आई वारलेली. आजी बाजारात मासळी विकून तिला वाढवत होती. शेजारचा मुलगा म्हणाला, “बाई, हिचे झाड अर्धेच आहे.” ती शांतपणे म्हणाली, “मला नाव माहीत नाही, म्हणून नाही लिहिले.” आजीच्या नावापुढे मात्र तिने लिहिले होते : मासळी विकते, पहाटे चारला उठते, हिशोब तोंडी करते. बाकीच्या कागदांवर पाच-पाच पिढ्यांची नावे होती, पण एकाही नावापुढे ते माणूस काय करत होते हे नव्हते.

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम मला त्या दिवशी आठवला. गुरूने गोत्र विचारले, तेव्हा आईने सांगितले तेच त्याने सांगितले : गोत्र ठाऊक नाही, आईचे नाव जबाला, माझे सत्यकाम. गौतमाने त्याला परत पाठवले नाही. इतके खरे बोलतो म्हणून जवळ घेतले. आपली परंपरा रिकाम्या जागेला एवढी भीत नव्हती. महिन्यापूर्वी सर्वपित्री अमावास्या झाली. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी कोणी खोटी तिथी रचली नाही. एक दिवस राखून ठेवला. महालयात तर आईकडची माणसे, गुरू, स्नेही यांनाही जागा असते. कर्मकांडावर श्रद्धा असो वा नसो, त्यामागची समज घ्यावी अशी आहे. ज्यांचे आपण देणे लागतो त्यांची यादी वारसांच्या यादीपेक्षा फार लांब असते.

तेव्हा या सुटीत काकांनी कागद मागवला तर जरूर द्या. फक्त तो मोठा द्या, आणि आडनावाच्या रेघेइतकीच जागा आजीच्या माहेराला ठेवा. वेडसर आत्याला, घर सोडून गेलेल्या चुलत्याला, जन्मून महिनाभरच जगलेल्या मुलालाही त्यात बसवा. जिथे नाव मिळणार नाही तिथे चौकट काढून ती मोकळी ठेवा आणि खाली तारीख घाला. उद्या एखाद्या नातीला कुठल्या तरी जुन्या रजिस्टरात ते नाव सापडेल, आणि तेव्हा लिहायला जागा असेल.