दुसऱ्या अपिलाची मर्यादा

वर्धा जिल्ह्यातील दिवाणी दाव्यांचा उगम बहुधा शेताच्या धुऱ्यावर होतो. आर्वी किंवा हिंगणघाटच्या न्यायालयात हुकूमनामा होतो, वर्ध्याच्या जिल्हा न्यायालयात त्यावर पहिले अपील चालते आणि तेथेही पदरी पराभव आला, की सातबाराचे उतारे, मोजणीचे नकाशे व आजोबांच्या काळचे वाटणीपत्र बासनात बांधून पक्षकार नागपूर खंडपीठात अपिले चालविणाऱ्या आम्हां वकिलांकडे येतो. न्यायालय जितके मोठे तितकी आपली कैफियत तेथे अधिक बारकाईने ऐकली जाईल, अशी त्याची भाबडी समजूत असते; कायद्याची योजना नेमकी उलट आहे, हे त्याच्या गळी उतरविण्याइतका कठीण युक्तिवाद मला न्यायमूर्तींपुढेही क्वचितच करावा लागला आहे.

ही योजना जुनी आहे. 1859 च्या दिवाणी संहितेने ‘खास अपिला’ची वाट ठेवली, ती निर्णय कायद्याच्या वा कायद्याइतक्याच बलवान रूढीच्या विरुद्ध असेल, अथवा कार्यपद्धतीत गंभीर दोष असेल, एवढ्यापुरतीच. 1890 मध्ये दुर्गा चौधराणीच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने तर, वस्तुस्थितीविषयीची चूक कितीही ढोबळ असली तरी ती दुसऱ्या अपिलाचे कारण होऊ शकत नाही, असे बजावले. तरीही 1908 ची संहिता आल्यावर, 1936 मध्ये नागपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय झाल्यावर आणि 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात येऊन येथे खंडपीठ बसल्यावरही, ‘कायद्याविरुद्ध’ या शब्दाच्या आडोशाने पुराव्याची फेरतपासणी करून घेण्याची वकिली कला देशभर बहरतच राहिली. (ती कला ज्यांना साधली ते नामांकित झाले, हेही खरे.) अखेर विधी आयोगाच्या 1973 च्या अहवालानंतर 1976 ची दुरुस्ती आली, आणि कायद्याचा सारभूत प्रश्न आधी शब्दबद्ध झाल्यावाचून दुसरे अपील ऐकताच येऊ नये असा दंडक पडला.

दंडक पडला, पण कायदा स्वतः कोठे स्थिर असतो? माहेरच्या शेतात हिस्सा मागणाऱ्या एखाद्या देवळी तालुक्यातील लेकीचा विचार करावा. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना सहदायिकी हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळले; 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांनाही आत घेतले; 2015 मध्ये फुलवतीच्या निकालाने, 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असले पाहिजेत, अशी अट लावली; आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती अटही रद्द करून हक्क जन्मसिद्ध ठरविला. साक्षीपुराव्यातील एक अक्षरही न बदलता अशा दाव्याचा निकाल अपिलाच्या प्रलंबित काळात फिरू शकतो. दुसऱ्या अपिलाचे खरे प्रयोजन मला येथे दिसते: धुरा कोठे होता हे ठरविणे त्याचे काम नव्हे, हक्काचा नियम सर्वांस सारखा लागू करणे हे आहे.

त्याच महिन्यात नाझीर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादेचा पुनरुच्चार केला आणि अपवादही सांगितले: महत्त्वाचा पुरावा दुर्लक्षिला असेल, पुराव्यावाचून निष्कर्ष काढला असेल किंवा शाबितीचा भार चुकीच्या पक्षावर टाकला असेल, तर हस्तक्षेप करता येतो. परंतु माझ्या मते अधिक मोलाचे निर्णय पहिल्या अपिलासंबंधीचे आहेत. 2001 च्या संतोष हजारी प्रकरणाने, खालचा निकाल फिरविताना त्यातील कारणांशी थेट भिडून स्वतःची कारणे दिली पाहिजेत, असे सांगितले; 2020 च्या मल्लुरू मल्लप्पा प्रकरणाने पहिले अपील हा मौल्यवान हक्क असून त्यात वस्तुस्थिती व कायदा दोन्ही खुले असतात, हे पुन्हा ठसविले. वरचा दरवाजा अरुंद करणे न्याय्य ठरते ते खालच्या दालनात सारे काही ऐकले गेले असेल तरच. आणि जिल्हा न्यायालयात दोन पानी निकालाने अपील निकाली निघत असेल, तर 1976 ची दुरुस्ती केवळ गरिबाच्या तोंडावर दार लावणारी ठरेल.

म्हणून वर्ध्यातील तरुण वकीलबंधूंना आणि त्यांच्या पक्षकारांना माझी विनंती आहे की, ‘हायकोर्टात पाहून घेऊ’ हे वाक्य त्यांनी सोडून द्यावे. साक्षीदारांचे जबाब, मोजणीदाराची उलटतपासणी आणि प्रत्येक दस्तऐवज यांवरील आपला संपूर्ण युक्तिवाद पहिल्या अपिलातच, मुद्देवार आणि लेखी, जिल्हा न्यायाधीशांपुढे मांडावा.