प्रयोजन

बँकेच्या कर्जाच्या अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना असतो. माझ्या उभ्या नोकरीत त्या रकान्यात 'हौस' असा शब्द कुणी लिहिलेला मी पाहिलेला नाही. घरदुरुस्ती, शिक्षण, औषधपाणी... कर्ज मागताना माणूस फार गंभीर होतो. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी फुलस्केप कागदावर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी करून वर 'प्रयोजन : अभ्यास' असं लिहून आणलं, तेव्हा पोरगा घराण्याच्या वळणावर गेला म्हणून मला बरंच वाटलं.

यादीत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम वगैरे मंडळी होती. ग्राफिक्स कार्ड नावाचा एक जावई एकटाच तिसरा हिस्सा खात होता.

"अकाउंटन्सीला हे कशाला रे?"

"ताळेबंद स्पष्ट दिसतो, बाबा."

एकूण बेरीज ब्याण्णव हजार. माझी मर्यादा सत्तर. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अठरा टक्के जीएसटी असतो. शिवाय चारशे वॅट आणि रोजचे तीन तास धरले तर महिन्याला छत्तीस युनिट वीज. 'अभ्यास' एवढा विजेवर चालतो हे आमच्या वेळी माहीत नव्हतं.

शनिवारी बँकेला सुट्टी होती. डोंबिवलीहून गाडी धरली, दादरला बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा असा बेत. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड.) गाडीत चिरंजीवांनी माझी शिकवणी घेतली. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचं सॉकेट जुळावंच लागतं. नाही जुळलं तर प्रोसेसर बसतच नाही. पत्रिका जुळवून लग्न लावणाऱ्यांना एवढी खात्री कधी मिळाली नाही. प्रोसेसर मंद आणि कार्ड हुशार असेल, तर हुशाराला नुसतं वाट बघत बसावं लागतं. हे मात्र मला लगेच समजलं. मी बँकेत आहे.

"मग या पॉवर सप्लायमध्ये काटछाट करू," मी म्हणालो. "पत्र्याचा डबा तो. आत असतो, कुणाला दिसत नाही."

पोरगा दचकलाच. "बाबा, तिथे बचत करायची नाही! दिसत नाही, पण सगळ्यांना वीज तोच पुरवतो. हलका घेतला आणि उडाला, तर बाकीच्यांनाही घेऊन जाईल."

ठाणे गेलं, मुलुंड गेलं, पण ते वाक्य काही गेलं नाही. घरचं अंदाजपत्रक दर एप्रिलात मीच करतो. त्यात 'पेटीदुरुस्ती' ही बाब सहा वर्षं पुढच्या वर्षावर ढकलली जातेय. सौ.च्या पेटीचा भाता फाटलाय. "कशाला हवी?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "काही नाही हो, वाजवावीशी वाटते." बाब हौसेची, म्हणून नामंजूर. त्याच वर्षी मी नवा मोबाइल घेतला. प्रयोजन : ऑफिसचं काम. ऑफिसचं काम म्हणजे जेवणाच्या सुट्टीत क्रिकेट बघणं.

म्हणजे आमच्या घरात प्रयोजनाचा रकाना खरा भरला तो एकटीनं, आणि अर्ज फेटाळला गेला तोही तिचाच. मग पोराने 'अभ्यास' लिहिलं यात त्याचं काय चुकलं? अर्जदाराला खोटं लिहायला मंजूर करणाराच शिकवतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण आमच्या अंथरुणावर दोघे पाय पसरून होते आणि तिसरी पाय पोटाशी घेऊन निजत होती.

दादरच्या पुलावर मी चिरंजीवांना ही हकिकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग खिशातून कागद काढून त्याने रंगीत दिव्यांचं कॅबिनेट खोडलं, कार्ड एक पायरी खाली आणलं, नवा मॉनिटर काढून घरचाच जुना ठेवला. बेरीज पासष्ट हजारांवर आली. वर पेटीचे पाच. मग त्याने 'अभ्यास' खोडून स्वच्छ अक्षरात लिहिलं : 'खेळणे'. मी सही केली. हात थोडा थरथरला, पण केली.

आता संध्याकाळी एका खोलीतून गोळीबार ऐकू येतो आणि दुसरीतून सारेगम. परवा शेजारच्यांनी विचारलंच, "एवढा मोठा कॉम्प्युटर कशासाठी घेतलात हो?"

"अभ्यासासाठी," मी म्हणालो.

आतली पेटी एकदम थांबली.