सुई कोणाकरितां?

ज्ञानाची इच्छा सर्वथा निर्दोष असते, असें मानण्याचा आपला प्रघात आहे. परंतु जें जाणावयाचें तें एखाद्या अजाण बालकाच्या पाठींत सुई खुपसूनच कळणार असेल, तर हा निर्दोषपणा टिकतो काय?

लहान मुलांच्या मेंदूंत होणारी मेड्युलोब्लास्टोमा ही मारक गांठ घ्या. हिला हें नांव बेली व कुशिंग यांनीं १९२५ सालीं दिलें. मेंदू व पाठीचा कणा यांतून खेळणाऱ्या द्रवाबरोबर हिच्या पेशी वाहत जाऊन दूरवर रुजतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर सुमारें दोन आठवड्यांनीं मुलाच्या कमरेंतून थोडा द्रव काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. त्याआधीं काढल्यास शस्त्रक्रियेंत सुटलेल्या पेशींनीं फसगत होण्याचा संभव असतो. द्रव काढण्याची ही रीत क्विंके या जर्मन वैद्यानें १८९१ सालीं प्रसिद्ध केली.

या पहिल्या परीक्षेविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. पेशी सांपडल्या तर मेंदू व कणा यांस द्यावयाच्या किरणांची मात्रा साधारणतः २३.४ ग्रेवरून ३६ ग्रेपर्यंत वाढवावी लागते. आणि अधिक किरणांनीं मुलाच्या बुद्धीची व उंचीची अधिक हानि होते. अशा प्रसंगीं न पाहतां मात्रा ठरविणें हीच निर्दयता होय.

प्रश्न उपस्थित होतो तो पुढें. उपचार संपतात, मूल खेळूं लागतें, पण आईबापांची धाकधूक जात नाहीं. 'एकदां पुन्हां पाहून घ्या,' असें त्यांस वाटतें. त्यांचें मन शांत झालें तर तें मुलाच्याही हिताचेंच, असा येथें आक्षेप येईल. तो क्षुद्र नाहीं. गुंगी देऊन वेदना कमी करतां येते, हेंही खरें. परंतु जी शांति हवी ती ही सुई देऊं शकते काय? द्रवांत पेशी न आढळल्या म्हणजे 'या थेंबांत दिसल्या नाहींत' एवढेंच सिद्ध होतें. चुंबकीय चित्रांत कण्यावर गांठी दिसत असतांही द्रव निर्मळ निघाल्याचीं उदाहरणें आहेत. उलट चित्र स्वच्छ असून द्रवांत पेशी सांपडल्याचींही आहेत.

म्हणून आमच्या मतें, सुई उचलण्यापूर्वीं वैद्यानें व आईबापांनीं एकच विचारावें: या उत्तरानें उद्यां आपण मुलाकरितां वेगळें कांहीं करणार आहों काय? नवीं लक्षणें किंवा चित्रांतील संशय यांमुळें उत्तर 'होय' असेल, तर तें दुःख मुलाच्या कामीं येईल. 'नाहीं' असेल, तर आपलें भय आपणच सोसलें पाहिजे. तें मुलाच्या पाठीवर टाकण्याचा अधिकार आपणांस नाहीं.