खर्च कोणासाठी?

कापूस, सोयाबीन विकून हाती आलेला पैसा लग्न-बारशात कधी सरतो, कळत नाही. पेरणीला पुन्हा कर्ज!

आपल्या वऱ्हाडातच, शेंडगावी 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा सणासाठी ऋण काढू नका, असे कीर्तनातून बजावीत. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी रूढ मद्य-मांसाऐवजी साधे गोड जेवण वाढले.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशोब करावा, असे प्रभू येशू शिकवतो (लूक 14:28). आपण मात्र उभ्याउभ्याच खर्च करतो.

पाहुणचार पाप नाही. पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने केलेला खर्च मुलांच्या ताटातून जातो. या आठवड्यात प्रत्येक खर्च वहीत लिहा आणि त्यापुढे प्रामाणिकपणे लिहा : हा कोणासाठी?