चेहऱ्याला उजेड हवा, चुना नको

लग्नाच्या बायोडेटासाठी मुलगी फोटो काढून घ्यायला जाते, तेव्हा पुष्कळ स्टुडिओंत एक काम तिला न विचारता होऊन जाते. संगणकावर तिचा चेहरा दोन छटा उजळ केला जातो. कोणी तसे सांगितलेले नसते. सांगावे लागतच नाही. घरी आई प्रिंट पाहून म्हणते, “छान आलाय हो!” मान मात्र मूळच्याच रंगाची राहिलेली असते. पुढे कांदेपोह्यांच्या दिवशी ‘फोटोत गोरी दिसत होती’ हे ऐकून घ्यायची पाळी त्या मुलीवर येते, उजळवणाऱ्यावर नव्हे.

विचारले तर उत्तर तयार असते: सावळा रंग कॅमेऱ्यात नीट येत नाही, म्हणून जरा उजळावे लागते. हे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते इतके दिवस खपले. चेहऱ्यावर उजेड कमी पडणे हा फोटोचा दोष आहे आणि तो दुरुस्त केलाच पाहिजे. चेहरा सावळा असणे हा दोषच नाही. या दोन गोष्टींची आपण इतकी सरमिसळ करून टाकली आहे, की उजेड देण्याऐवजी रंग पुसतो आणि त्याला सुधारणा म्हणतो.

कॅमेऱ्याच्या धंद्यात हा पक्षपात खरोखर होता. रंगीत फिल्मच्या काळात प्रिंटचे रंग जुळवायला प्रयोगशाळांत एक नमुना कार्ड असे. कोडॅकच्या त्या कार्डावर गोऱ्या बाईचा फोटो असायचा. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा बरोबर उतरली की सगळे बरोबर उतरले, असे धरून चालत. गडद त्वचेचे बारकावे त्यात बुडून जात. पुढे फिल्म सुधारली. पण कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांना कोडॅकच्या जुन्या अधिकाऱ्यांनी सांगितले ते असे, की त्या सुधारणेमागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारी होत्या. आपल्या मालाच्या छटा फोटोत वेगळ्या दिसत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. माणसांच्या चेहऱ्यांसाठी जे सुचले नाही ते कपाटांसाठी सुचले! असो. ती फिल्म गेली, ते कार्ड गेले. आज बेताच्या किमतीचा मोबाइलही सावळ्या त्वचेच्या छटा टिपू शकतो. आता उरले आहे ते आपले अज्ञान, आणि ते एका सकाळीत घालवता येते.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरच्या दृश्याची सरासरी मधल्या करड्या छटेला, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या छटेला, आणून बसवतो. सावळ्या माणसाला चुनापांढऱ्या भिंतीपुढे उभे केले की मापक भिंतीला भुलतो, सगळा फोटो दाबतो आणि चेहरा काळवंडतो. हल्लीचे फोन चेहरा ओळखून थोडे सावरून घेतात, पण पुरते नाही. चेहऱ्यावर बोट टेकवावे आणि बाजूला उमटणारे सूर्याचे चिन्ह गालावरचे तपशील दिसेपर्यंत वर सरकवावे. पाठीमागे गडद पडदा असेल तर उलटे घडते: फोन फोटो नको इतका उजळवतो. तेव्हा तेच चिन्ह खाली आणायचे. हे खाली आणणे मात्र आपल्याला जिवावर येते, कारण ‘उजळ म्हणजे चांगला’ हे डोक्यात बसलेले असते.

घरातले फोटो मुख्यतः बिघडतात ते छताजवळच्या ट्यूबलाइटखाली. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावली साचते, मग माणूस आजारी दिसतो. फोनचा फ्लॅश त्याहून वाईट. समोरून आलेला तो ठिपक्याएवढा उजेड चेहऱ्याचे चढउतार सपाट करून टाकतो. म्हणून पहिले काम, दिवसाढवळ्या घरातले सगळे दिवे बंद करणे. माणसाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर असे बसवा, की उजेड एका गालावर तिरका येईल. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. दुसऱ्या गालाकडे थर्माकोलचा पांढरा पत्रा किंवा घडी केलेली चादर धरायला घरातल्या एखाद्या पोराला उभे करा. वीज येण्याआधीचे स्टुडिओ उत्तरेकडच्या काचेतून येणाऱ्या अशाच मऊ, स्थिर उजेडावर चालत.

रंग बिघडतो तो सरमिसळीने. पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० केल्विनचा, घरात सर्रास लावतात त्या पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूबचा ६५०० च्या आसपास. दोन्ही एकदम लावले तर कॅमेरा एकाचीच भरपाई करू शकतो, आणि अर्धा चेहरा हळदीचा तर अर्धा निळसर होतो. आपल्याकडच्या पोपटी आणि गुलाबी भिंतीही गालावर आपला रंग उतरवतात. त्यांच्यापासून दूर सरका. रात्री दिव्याशिवाय गत्यंतर नसेल तर एकाच जातीचे दिवे ठेवा. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा असतो, तो ९० च्या वरचा पाहून घ्या. हलक्या एलईडीत तांबड्याचा अंश तोकडा पडतो, त्यामुळे सावळी त्वचा मातकट दिसते आणि दोष पुन्हा त्वचेला लागतो.

एक गोष्ट धंद्यातले लोकही विसरतात. गोऱ्या चेहऱ्याला आकार मुख्यतः सावलीने येतो, गडद चेहऱ्याला त्यावर उमटणाऱ्या चकाकीने. गालाच्या हाडावरची, नाकाच्या कडेची ती लांबट, मऊ चमक हीच त्या चेहऱ्याची रेखा. खिडकीसारखा मोठा उजेड ती आपोआप देतो. आपण मात्र फोटोआधी टाल्कम पावडर थापतो. चमक मरते आणि फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर राखेचा थर दिसतो. पावडर नकोच. घाम टिपायला रुमाल पुरतो.

फोटोवाले म्हणतात, गिऱ्हाईकच मागते. मागते, हे खरे. फोटोवर हाताने रंग चढवण्याची चाल आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासूनची आहे, तेव्हा सगळा दोष सॉफ्टवेअरवर ढकलण्यातही अर्थ नाही. पण मागणी आली की ती पुरवलीच पाहिजे असा काही नियम नाही. २०२० साली शादी डॉट कॉमने लोकांच्या तक्रारीनंतर त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’ने नावातला ‘फेअर’ सोडला. मलमाचा धंदा चालूच राहिला, हेही खरे. तरी जे बोलायची आता कंपन्यांना लाज वाटते, ते गल्लीतला स्टुडिओ मुकाट्याने करून देतो आणि आपण त्याचे पैसे मोजतो. वाईट याचे वाटते, की हे मागणारे बहुतेक मुलीचेच आईबाप असतात. तिच्या तोंडावर तिला कोणी सावळी म्हणून हिणवले तर ते भांडायला उठतील. प्रिंटवर तेच म्हटले जाते तेव्हा दोन प्रती जास्त काढून घेतात.

पुढचा बायोडेटा करताना फोटो घरी काढून पाहा, सकाळी, खिडकीशी. फोनमधला ब्यूटी मोड आधी तपासा. पुष्कळदा पुढच्या कॅमेऱ्याला तो चालूच असतो. आणि स्टुडिओतच जायचे ठरले, तर बसण्याआधी स्पष्ट सांगा: मुरमे काढलीत तरी चालेल, रंग बदलायचा नाही. सांगूनही बदलला, तर प्रिंट परत करा आणि पैसे देऊ नका.