मतांची मोजणी आणि फलाशा

निवडणूक लढवणाऱ्याला निष्काम म्हणता येते का? गीतेला फळाची आशा सोडलेले कर्म हवे असते, आणि निवडणुकीत तर फळ मतमोजणीच्या टेबलावर आकड्यांत मांडले जाते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्म सोडायचे नसते, आसक्ती सोडायची असते, असा निर्णय दिला. ज्ञानी माणसालाही लोकसंग्रहासाठी, म्हणजे लोकांच्या हितासाठी, कर्म चुकत नाही. या हिशेबाने मत हे फळ नसून साधन ठरते. मात्र साधनाचीच गोडी कधी लागली, हे ज्याचे त्यालाही कळत नाही.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण आहे. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते 1962 साली प्रथम निवडून आले आणि एकाच मतदारसंघातून एकूण अकरा वेळा विधानसभेत गेले. पक्ष मार्क्सवादी, त्यामुळे गीतेचा आधार त्यांनी घ्यावा अशी अपेक्षाच नाही. तरी लोकांनी त्यांना जोखले ते निरिच्छपणाच्या जुन्याच मापाने. एसटीत आमदारांसाठी एक आसन राखीव असते. त्यावर खरोखरच आमदार बसलेला दिसणे प्रवाशांना नवलाचे, आणि गणपतराव एसटीने फिरत. दुष्काळी तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न त्यांनी दशकानुदशके लावून धरला. 1978 आणि 1999 साली मंत्रिपदही मिळाले, पण त्यांची ओळख मंत्री म्हणून कधी झाली नाही.

आसक्तीची परीक्षा विजयात होत नाही. 1972 साली ते हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 चा पराभव अवघ्या 192 मतांचा होता. एवढ्या फरकाने पडलेला माणूस बहुधा कुणाला तरी दोष देत बसतो. गणपतराव 1999 साली पुन्हा त्याच मतदारांपुढे उभे राहिले आणि जिंकले.

तरी एक शंका उरते. साधेपणाची कीर्ती हेही फळच. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पहिला मान अमानित्वाला, म्हणजे मानाची हाव नसण्याला आहे, आणि ज्ञानेश्वरीने त्याचा विस्तार केला आहे. पैसा नाकारता येतो. मान मात्र न मागता येऊन चिकटतो. तो चिकटल्यावर आत काय घडले, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. वागणूक तेवढी दिसते, आणि गणपतरावांची वागणूक स्वच्छ होती.

कुटुंबाच्या बाबतीत मात्र निकाल इतका सरळ नाही. 2019 साली ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि 768 मतांनी पडले. 30 जुलै 2021 रोजी गणपतराव गेले. 2024 साली सांगोल्याची जागा त्यांचेच दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी जिंकली.