रंगाखालची भेग

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर पाने मांडतात. विड्याची नव्हेत, लोखंडाची. अर्ध्या इंचाचा रिंग पाना, प्लगचा पाना, दात झिजलेली पक्कड, ग्रीसची पिचकारी आणि एक वाकडा स्क्रू-ड्रायव्हर, ज्याने आमच्या वडिलांनी स्क्रू सोडून बाकी सर्व काही उचकटले. या मंडळींना हळदकुंकू वाहून झाले की सौभाग्यवती झेंडूचा हार घेऊन अंगणात येतात आणि लिंबाखाली उभ्या असलेल्या जीपच्या नाकावर तो चढवतात. घुग्घुसला नवा आलेला पाहुणा हे पाहून आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "चालते का हो ही?"

चालते. जीप १९६८ सालची आहे. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जुळवायला घेतल्या त्या १९४९ साली; आमची त्याच घराण्यातली, उंच बॉनेटची. बॉनेट उंच, कारण आतले इंजिन उंच. पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर डोक्यात आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी मोठी मौजेची रचना आहे. वडिलांनी ती १९७८ साली एका लिलावात घेतली. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला अजून चार वर्षे होती, आणि आईचे माहेर असलेले आरमोरी आमच्याच जिल्ह्यात होते. पावसाळ्यात काळ्या मातीतून तिकडे जायचे म्हणजे पुढची चाकेही जोडणारा तो छोटा दांडा ओढावा लागे. पक्का रस्ता आला की वडील पहिल्यांदा तो दांडा परत ढकलत. कोरड्या सडकेवर चारही चाके जोडलेली राहिली, तर वळणावर पुढच्यामागच्यांची ओढाताण होऊन गिअर पिळवटतात, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितले की आजही डांबर दिसले की माझा हात तिकडे जातो.

घुग्घुसात गाडी घरी दुरुस्त करणे ही हौस नव्हे, निकड आहे. खाणीचा कोळसा, सिमेंट, ट्रकांनी उडवलेली धूळ, सर्वांचे माहेर हेच. जीपच्या एअर क्लीनरच्या तळाशी तेलाची वाटी असते; आत येणारी हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात बसते. पुण्याचे आमचे चिरंजीव म्हणतात, ते तेल इतक्या इतक्या मैलांनी बदला असे पुस्तकात लिहिले आहे. पुस्तक लिहिणाऱ्याने घुग्घुस पाहिले नसावे. आमच्याकडे त्या वाटीतून काळी खीर निघते. सिलिंडरात ठिणगी पडण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन. धाकट्या बहिणीला वडिलांनी तो पाढ्यासारखा शिकवला होता. ती ओट्यावरून ओरडे आणि वडील त्या तालावर प्लगच्या तारा लावत.

इतक्या वर्षांत काय बदलले नाही? रेडिएटर, क्लच, पाटे, तळाचा पत्रा, दोनदा गिअरबॉक्स आणि शेवटी इंजिनसुद्धा. माझे एक स्नेही शाळेत इतिहास शिकवत. ते मिलिंद राजाचा दाखला देतात. राजा रथातून आला, तेव्हा नागसेनाने त्याला विचारले, आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला 'नाही' म्हणत गेला आणि शेवटी अडकला. "मग तुझ्या वडिलांची जीप उरली कुठे?" असे स्नेह्यांचे म्हणणे. परिवहन कार्यालयाला मात्र हा प्रश्न पडत नाही. पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायला गाडी न्यावी, तर तिथला साहेब चासीवर ठोकलेला आकडा कागदाशी जुळवतो. इंजिन बदलले तर त्याची नोंद होते. चासी तीच, तर गाडी तीच.

आणि नेमकी त्या चासीलाच भेग आहे.

१९८६ च्या पावसाळ्यात वडील गाडीखाली शिरले ते बराच वेळ बाहेरच आले नाहीत. स्टिअरिंगचा डबा उजव्या दांडीला बोल्टांनी बसवलेला असतो. प्रत्येक वळणाचा ताण तिथे येतो. तिथे बोटभर लांबीची भेग होती. वडिलांनी ती वेल्डिंग करून बुजवली, वरून लोखंडाची पट्टी मारली आणि त्यावर काळा रंग दिला. रंग द्यावाच लागतो, नाहीतर गंज धरतो. म्हणून त्या रंगाला खोटेही म्हणता येत नाही. कुंचा रॉकेलात बुडवता बुडवता ते एवढेच म्हणाले, "आईला सांगू नकोस." मी सांगितले नाही. आई पुढे कितीतरी वर्षे त्या जीपमधून माहेरी गेली. निघण्यापूर्वी वडील बॅटरी घेऊन खाली वाकत. ती विचारी, काय पाहता? ते म्हणत, तेल गळतं का ते पाहतो.

यंदा माझ्या गुडघ्यांनी गाडीखाली शिरायला नकार दिला आणि विकायचे ठरले. गिऱ्हाईक आले ते गडचिरोलीकडचे, तरुण, बायको आणि कडेवर मूल घेऊन. त्याने इंजिन ऐकले, कागद पाहिले, टायर दाबले. चासीचे काही विचारले नाही.

"त्यानं इचारलंच नाही, त तुम्ही कायले सांगता?" असे सौभाग्यवतींचे मत पडले. चिरंजीव फोनवर म्हणाले, जुनी गाडी असेल तशीच विकतात, किंमतही तशीच लावतात. दोघांचेही खोटे नाही. गॅरेजात गाडी टाकणारा माणूस याच भेगेची गाडी विकून निवांत झोपला असता. 'मला काय ठाऊक, मिस्त्रीला ठाऊक' असे तो म्हणाला असता, आणि ते खरेही असते. आपले अज्ञान त्याने दरवेळी पैसे मोजून राखलेले असते. भेग तीच, गिऱ्हाईक तेच. मग दोष माझ्याच माथी का? केवळ मी स्वतः गाडीखाली शिरलो म्हणून? दोन रात्री मी हा हिशेब मांडला. मला दिसले ते असे. आमची दुरुस्ती अर्धी लोखंडाची होती, अर्धी सवयीची. उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळायचे नाही, खड्ड्यात चाक वळवायचे नाही, लांब जाण्यापूर्वी बॅटरी घेऊन खाली पाहायचे. ठिगळ चाळीस वर्षे टिकले ते या सगळ्यामुळे. न सांगता विकली तर लोखंडाचा अर्धा भाग त्या पोराकडे जाणार आणि सवयीचा अर्धा माझ्याकडेच राहणार.

मी त्याला परत बोलावले. वाकड्या स्क्रू-ड्रायव्हरने रंग खरवडून पट्टी दाखवली. तो पांढऱ्या सदऱ्यानिशी पाठीवर झोपला आणि बराच वेळ त्या जोडावरून नख फिरवत राहिला. "काका, यात तुम्ही घरच्यांना बसवत होते?" त्याने खालूनच विचारले. मी 'हो' म्हटले. पुढच्या रविवारी आपला मिस्त्री घेऊन येतो, असे सांगून तो गेला. मी खरे बोललो, की वडिलांची जीप जाऊ नये म्हणून गिऱ्हाईक पळवले, हे मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. दोन्ही असेल.

खरवडलेल्या जागी दोन दिवसांत तांबूस गंज दिसू लागला. रंग न देता मी नुसते ग्रीस थापले. हात पुसत ओट्याकडे आलो, तर आई वाती वळत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ऐकू कमी येते, दिसते मात्र सगळे.

"काय पाह्यत होता रे तो खाली?" तिने विचारले.

"तेल गळतं का ते," मी म्हणालो.